बाईच्या ताटाचं माप

वडीगोद्रीच्या अलीकडे, हमरस्त्यापासून कोसभर आत एक गाव आहे. तिथं जिल्हा परिषदेची आठवीपर्यंतची शाळा आहे आणि त्या शाळेत गेली एकोणीस वर्षं चांगुणाबाई पोरांचं जेवण शिजवतात. लिहिणं-वाचणं त्यांना सहीपुरतंच येतं. पण पहिली ते पाचवीच्या पोराला शंभर ग्रॅम तांदूळ आणि वीस ग्रॅम डाळ, सहावीपासून पुढं दीडशे आणि तीस, हे माप त्यांना झोपेतून उठवून विचारा, सांगतील. मास्तरांनी हजेरीचा आकडा सांगायचा आणि चांगुणाबाईंनी हाताच्या अंदाजानं डाळ काढायची. काट्यावर ठेवली तर चिमटीचा फरक निघायचा, तोसुद्धा कधीतरी. वाढताना त्यांचा डाव सगळ्या ताटांवर सारखाच रिता होई. सरपंचाचा नातू असो की ऊसतोडीच्या टोळीतलं दोन दिवसांपुरतं आलेलं पोर असो, पहिल्या ताटाला दाट आणि शेवटच्याला पाणी असं त्यांच्या हातून कधी झालं नाही. पातेलं तळापासून ढवळून घेतल्याशिवाय त्या वाढायला उभ्याच राहत नसत.

घरी मात्र असं काही मोजायची पद्धत नव्हती. घरात माणसं चार. नवरा अण्णासाहेब गवंडी काम करायचे. मुलगा राजानंद रस्त्यावरच्या एका दुकानात पाण्याच्या जळालेल्या मोटारींना नवी तार भरून द्यायचा. त्याची बायको प्रीती, भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईची, लग्नाला दीड वर्ष झालेली. आधी बापलेक जेवायचे, मग सासू-सून. हे कुणी ठरवलं नव्हतं. चांगुणाबाईंच्या सासूचं असंच होतं, सासूच्या सासूचंही तसंच असणार. गडीमाणसं हात धुऊन उठली की डाळीच्या पातेल्यात खाली उरलेलं पाणी, तव्यावरची शेवटची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि असलाच तर कांदा, एवढ्यावर दोघींचं भागायचं. कमी पडलं तर चांगुणाबाई म्हणायच्या, "मी शाळेत चार घास खाल्ले, मला भूक न्हाई." प्रीती म्हणायची, "मला बी न्हाई, आत्याबाई." दोघी उठून भांडी घासायला लागायच्या. अण्णासाहेब दुष्ट नव्हते, राजानंद तर बायकोवर जीव टाकायचा. पण आपण उठल्यावर पातेल्यात काय उरतं, हे दोघांनीही कधी वाकून पाहिलं नव्हतं.

या घरातली थोरली लेक होती मीना. ती सात वर्षांपूर्वी गेली.

मीना भोकरदनकडेच एका गावात दिलेली. पहिला मुलगा, त्याच्या पाठीवर तीन वर्षांनी दुसरं बाळंतपण आलं. दिवस भरत आले तेव्हा ती फोनवर बोलताना दम लागल्यासारखी थांबायची. चांगुणाबाई विचारायच्या, "खातीस का बराबर?" ती म्हणायची, "खाते ना." बाळंतपण सासरीच झालं, मुलगी झाली आणि रक्त थांबेना. तिला जालन्याला हलवलं. डॉक्टर म्हणाले, अंगात आधीच रक्त न्हाई, पिशव्या आणा. अण्णासाहेब आणि जावई धावले. एक पिशवी चढली. दुसरी घेऊन अण्णासाहेब जिना चढून वर आले तेव्हा मीनाच्या तोंडावरून चादर ओढलेली होती.

मीनाच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, श्रद्धांजलीला जमलेली मंडळी पांगल्यावर, चांगुणाबाईंच्या तोंडून विहिणीला एक वाक्य गेलं. "माझ्या लेकीला पोटभर घातलं असतं तर ती गेली नसती."

विहीणबाई बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या चिडल्या नाहीत. खालच्या आवाजात म्हणाल्या, "माझ्या घरी तिला कुणीच अडवलं न्हाई, चांगुणाबाई. मी ताट करून ठेवलं तरी ती भाकरी मोडून परत टोपल्यात टाकायची. म्हणायची, मला भूक न्हाई. ते ती माझ्याकडं आल्यावर शिकली न्हाई. शिकूनच आल्ती."

चांगुणाबाई उठून बाहेर गेल्या. त्या दिवसापासून त्यांनी विहिणीच्या घरचं पाणी घेतलं नाही. नातीला, प्रियाला, भेटायला जायच्या, उंबऱ्याशी बसायच्या आणि परत यायच्या. त्या वाक्याला सात वर्षं त्यांनी खोटं ठरवलं. दुसऱ्याच्या लेकीचं नीट करता आलं नाही म्हणून बाई आपल्यावर ढकलून मोकळी झाली, असं त्या मनाशी म्हणत राहिल्या.

मग गेल्या उन्हाळ्यात प्रिया सुट्टीला आजोळी आली. शाळा बंद, त्यामुळे चांगुणाबाई एरवीसारख्या दुपारपर्यंत बाहेर नसायच्या. प्रीतीला तेव्हा चौथा महिना लागलेला. एके दिवशी नातीचे लाड म्हणून चांगुणाबाईंनी अंड्याचं कालवण केलं. अंडी पाच होती. दोन अण्णासाहेबांच्या ताटात गेली, दोन राजानंदच्या, एक प्रियाच्या. हात नेहमीच्या वळणानं चालला होता आणि त्यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटलं नाही.

प्रियानं आपलं अंडं उचललं आणि राजानंदच्या ताटात ठेवलं.

"का गं?" राजानंदनं हसून विचारलं.

"तू खा मामा. मला भूक न्हाई. मी मागून मामीसंगं जेवणारे."

"आत्ता बस की."

"न्हाई. बाया मागून जेवत असतात ना."

राजानंदनं "शहाणी झाली गं भाची" म्हणत अंडं खाऊन टाकलं. चांगुणाबाई भाकरी थापत होत्या, त्यांचा हात थांबला. गडीमाणसं उठल्यावर पोर प्रीतीजवळ मांडी घालून बसली आणि नुसत्या रश्श्यात भाकरी कुस्करून खायला लागली. इतक्या हावरेपणानं, की भूक नव्हती हे खोटं होतं, ते सांगायला नको. प्रीतीनं आपली भाकरी मधोमध मोडली, अर्धी पोरीच्या ताटात टाकली, उरलेल्या अर्धीतले चार घास खाल्ले आणि म्हणाली, "झालं माझं."

चांगुणाबाईंनी पातेल्यात पाहिलं. तळाला तर्री होती आणि मसाल्याचा गाळ. सात वर्षांची पोर; या घरात येऊन तिला पंधराच दिवस झाले होते. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं, शिकवलं तर मुळीच नव्हतं. ती बघत होती, बस्स. मीनासुद्धा याच चुलीपुढं बसून बघत मोठी झालेली. चांगुणाबाईंनी पीठ तसंच सोडलं आणि मागच्या दारी जाऊन बसल्या. त्या दिवशी दुपारभर त्या तिथून उठल्या नाहीत. विहीण खरं बोलली होती, हे मान्य करायला त्यांना तेवढा वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या प्रीतीला घेऊन उपकेंद्रात गेल्या. तिथं शालू सिस्टर म्हणून नर्स होत्या, पस्तिशीच्या, बोलायला सरळ. त्यांनी प्रीतीच्या बोटातून रक्त घेतलं. साडेआठही भरलं नाही, किमान अकरा तरी हवं होतं. सिस्टरनी प्रीतीचं कार्ड पुढं ओढलं आणि भिंतीवरच्या चित्राकडं हात करून रोजच्याप्रमाणे सांगायला लागल्या. भाकरी-भात, डाळ-उसळ, पालेभाजी, बाकीच्या भाज्या, दूध-दही, फळ, तेल-शेंगदाणे. यातलं सगळं रोज पोटात गेलं पाहिजे. डाळ दोन-तीन वाट्या, पालेभाजी एक वाटी…

"सिस्टर," चांगुणाबाई मधेच म्हणाल्या, "वाटी लहान-मोठी असती. ग्रॅममधी सांगा."

शालू सिस्टर थांबल्या. इतक्या वर्षांत त्यांना असं कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी कपाटातून एक पुस्तक काढलं आणि बोट ठेवत वाचलं. अंगमेहनत करणाऱ्या बाईला दिवसाचं धान्य तीनशे ग्रॅमच्या वर. डाळ-कडधान्य ऐंशीच्या आसपास. पालेभाजी शंभर, इतर भाज्या दोनशे. दूध तीनशे मिली, फळ शंभर ग्रॅम. "आणि हिला दिवस गेलेत, तर याहून थोडं जास्तच," त्या म्हणाल्या.

चांगुणाबाई मनात हिशेब करत होत्या. त्यांच्या घरी दोन्ही वेळची मिळून चौघांना दीडशे ग्रॅम डाळ शिजायची. त्यातली दाट डाळ कुणाच्या ताटात जाते, हे त्यांच्याच हाताला माहीत होतं.

"सिस्टर," त्या सावकाश म्हणाल्या, "माझ्या शाळंत पहिलीच्या लेकराला एका वक्ताला वीस ग्रॅम डाळ घालते मी. माझ्या सुनेच्या पोटात दिवसभरात तेवढी बी जात न्हाई."

प्रीती खाली मान घालून बसली होती. शालू सिस्टर म्हणाल्या, "तुमचं बोट द्या."

"माझं कशाला? मी काय बाळंत होणार हाय का?"

"द्या तर."

चांगुणाबाईंचं रक्त सुनेपेक्षाही कमी निघालं, आठाच्या खाली. जिना चढताना लागणारा दम, शाळेतलं पातेलं उतरवताना डोळ्यांपुढं येणारी अंधारी, हे सगळं त्या वयावर घालवत आल्या होत्या. सिस्टरनी दोघींना गोळ्या दिल्या. गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, जेवणात लिंबू पिळायचं, असं दोनदा बजावलं. मोठ्या डॉक्टरांना एकदा दाखवून यायला सांगितलं, तेही त्यांनी त्याच आठवड्यात केलं.

त्या दुपारी चांगुणाबाईंनी घरात पहिल्यांदा आधी प्रीतीचं ताट वाढलं. तांदुळज्याची भाजी, तळापासून ढवळून काढलेली दाट डाळ, दोन भाकरी, लिंबाची फोड, दही. मग प्रियाचं. मग नवऱ्याचं आणि मुलाचं. चौघांची ताटं एकाच ओळीत मांडली.

अण्णासाहेब दारात थबकले. "आज काय, उलटी गंगा का?"

"आजपासून अशीच," चांगुणाबाई म्हणाल्या.

प्रीतीला सासऱ्यापुढं घास गिळवेना. ती पदर तोंडाशी धरून बसली. अण्णासाहेबांनी आपलं ताट उचललं आणि ओट्यावर जाऊन जेवले. असं पाच-सहा दिवस चाललं. बोलणं नाही, भांडण नाही, नुसतं ताट उचलून बाहेर. एकदा राजानंदला म्हणाले, "दूध, अंडी, फळं रोज आणायची म्हणजे खर्च काय कमी हाय का? अन् तुझी आई बिलकुल मास्तरीण झाली." त्या संध्याकाळी येताना राजानंदनं दूध आणलं. भाकरीला कोरड्यास काय करायचं हा प्रश्न चांगुणाबाईंना फारसा पडला नाही. बांधावर घोळीची भाजी होती, दारात शेवगा होता, मटकी-हरभरा भिजत घातला की उसळ होई. अडचण पदार्थांची कमी आणि हाताच्या सवयीची जास्त होती. वाढताना डाव आपोआप गड्यांच्या ताटाकडं वळायचा, तो त्यांना ओढून आणावा लागायचा.

सातव्या दिवशी अण्णासाहेबांनी ताटाला हात घातला तेव्हा चांगुणाबाईंनी ते धरून ठेवलं.

"बसा. बोलायचंय."

"काय?"

"मीनाचं."

सात वर्षांत नवरा-बायकोनं हे नाव एकमेकांपुढं घेतलं नव्हतं. प्रीती उठू लागली, तिला चांगुणाबाईंनी हातानं बसवलं.

"तिच्या अंगात रक्त न्हाई म्हणले डॉक्टर. मी विहिणीला बोल लावला. पर तिच्या अंगातलं रक्त एका सालात कमी झालं न्हाई. ते हितं, या घरात, माझ्या हातचं खाऊन कमी होत आल्तं. मी तिला आधी बापाला वाढ, भावाला वाढ म्हणाले. ती उरलेलं खायची अन् मी तिला गुणाची म्हणायचे. तुम्हाला दोष देत न्हाई मी. डाव माझ्या हातात होता."

अण्णासाहेबांनी ताटावरचा हात काढला. मग म्हणाले, "ती दुसरी पिशवी गार होती. मी ती शर्टाच्या आत छातीशी धरून आणली, जरा ऊब यावी म्हणून. कुणीतरी म्हणलं होतं, गार चढवत नसतात. जिना चढत होतो अन् मनात एवढंच, की ऊब आली का, आली का."

 त्या दिवशी ते आत बसले, प्रीतीच्या शेजारच्या पाटावर. प्रीतीनं हळूहळू घास घेतले.

एवढ्यानं सगळं सरळ झालं असं नाही. प्रीतीनंच एक अट घातली. म्हणाली, "आत्याबाई, तुम्ही बसल्याशिवाय मी बसणार न्हाई." आता चांगुणाबाईंची पंचाईत झाली. सुनेला घालणं सोपं होतं. स्वतःसाठी पहिल्या वाफेची डाळ वाढून घ्यायची आणि नवऱ्यासमोर खायची, यात त्यांना चोरी केल्यासारखं वाटे. पहिला घास तोंडात फिरत राही. भाकरी संपली तर उठून कोण करणार, कुणाला आणखी लागली तर? राजानंद म्हणाला, "लागली तर मी घेईन की टोपल्यातून." खरोखरच तो हात लांब करून घ्यायला लागला. गोष्ट एवढीशी होती, पण चांगुणाबाई ते पाहत राहिल्या. तीस वर्षं त्या या एका कारणासाठी चुलीशी बसून होत्या.

सुट्टी संपल्यावर प्रियाला पोचवायला त्या स्वतः गेल्या. या वेळी उंबऱ्याशी न बसता आत गेल्या. विहीणबाईंनी भीतभीत पाण्याचा तांब्या पुढं केला. चांगुणाबाईंनी तो घेतला आणि म्हणाल्या, "पोरीला आधी वाढत जा. आपल्यासंगं मागून नको." विहीणबाईंनी मान हलवली. 

सातव्या महिन्यात प्रीती बाळंतपणाला माहेरी गेली. जाताना रोजच्या जेवणाचा कागद घेऊन गेली. तो राजानंदनं ग्रॅममध्ये लिहून दिला होता. इकडं घरात पुन्हा दोन गडी आणि एक बाई राहिली. शाळा सुरू झालेली. चांगुणाबाई दमून यायच्या, दोघांना वाढायच्या, आणि आज बसते उद्या बसते करत आठवडाभरातच पुन्हा चुलीशी अर्धी भाकरी खाऊन उठायला लागल्या. एका संध्याकाळी प्रीतीचा फोन आला.

"काय जेवलात आत्याबाई?"

"जेवले ना."

"काय?"

"सगळंच. तू खातीस का?"

फोन ठेवला आणि त्यांना आपलाच आवाज ऐकू आला. तो आवाज मीनाचा होता; हीच घाई, विचारणाऱ्याला झटकन वाटेला लावणारी. त्यांनी राजानंदकडून पुन्हा फोन लावून घेतला. "प्रीती, मी खोटं बोलले गं. मी अर्धी भाकरी खाल्ली, तीबी उभ्यानं."  प्रीती म्हणाली, "मंग आता वाढून घ्या. मी थांबते फोनवर." चांगुणाबाईंनी सकाळची मटकीची उसळ गरम केली, भाकरी घेतली आणि फोन शेजारी ठेवून जेवल्या. अण्णासाहेब बाजेवर बसून ते पाहत होते. दुसऱ्या दिवसापासून, ताटं मांडली की ते तिसरं ताट दिसेपर्यंत हात धुवायला उठेनासे झाले.

ऑक्टोबरच्या शेवटी प्रीतीला मुलगी झाली, पावणेतीन किलोची. निरोप आला तसे तिघंही निघाले. दवाखान्यात पोचल्यावर अण्णासाहेबांनी नातीचं तोंड बघायच्या आधी नर्सला एकच विचारलं, "रक्त लागलं का?" नर्स म्हणाली, "न्हाई लागलं. थोडं जास्त गेलं, पण तिचं तिला पुरलं." अण्णासाहेब वऱ्हांड्यातल्या बाकावर बसले आणि तोंडाला रुमाल लावून रडले. मीना गेली त्या दिवशीही ते रडले नव्हते. चांगुणाबाईंनी त्यांना रडू दिलं. त्या आत गेल्या, सुनेच्या डोळ्यांची खालची पापणी बोटानं ओढून पाहिली, तिथं लाली होती. मग बाळाला घेतलं.

पुढं डिसेंबरात उपकेंद्रात बायकांची सभा होती. शालू सिस्टर म्हणाल्या, चांगुणाबाई, तुम्ही चार शब्द बोला. त्या उभ्या राहिल्या. समोर तीस-चाळीस बाया, बऱ्याच जणींच्या कडेवर लेकरं. चांगुणाबाईंनी "माझी मीना" एवढं म्हटलं. काही केल्या पुढचा शब्द फुटेना. त्या तशाच खाली बसल्या. सिस्टरनी विषय सावरून घेतला.

घरी परतताना त्यांना फार शरमल्यासारखं झालं. एवढं सांगायचं होतं आणि काहीच सांगता आलं नाही. चावडीजवळ मागून दोन बाया झपझप चालत आल्या. दोघीही ओळखीच्या, शेजारच्या आळीतल्या. त्यातल्या एकीची सून पोटुशी होती. ती जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "मावशी, तुमच्या सुनेला डाळ नेमकी किती घालत होता?"

चांगुणाबाई रस्त्याच्या कडेला थांबल्या. हातातली पिशवी त्यांनी खाली ठेवली, उजव्या हाताचा पसा केला आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं तळव्यावर रेघ दाखवली. "कोरडी डाळ हितपर्यंत. एका बाईची, एका दिवसाची. अन् पातेलं आधी तळापासून ढवळायचं बरं का." दुसऱ्या बाईनं आपला पसा पुढं केला आणि विचारलं, "माझा हात लहान हाय, मंग किती?" चांगुणाबाईंनी तो हात आपल्या हातात घेतला आणि नीट पाहून सांगायला लागल्या.